जिंकतो संघ, निवडला जातो खेळाडू

तालुक्याची स्पर्धा जिंकून पोरं बेळगावच्या अनगोळात परतली की गुलाल उधळला जातो, मंडळाच्या फलकावर खडूने नावं लिहिली जातात आणि त्याच संध्याकाळी कुणी तरी पालक मला बाजूला घेऊन विचारतात, ‘‘सर, आता नॅशनलला जाणार की आमची पोरं?’’ एखादा पोरगा जाईल, पण हा अख्खा संघ जाणार नाही, हे त्यांना पटवून देणं मला दरवर्षी जड जातं. कबड्डीत, फुटबॉलमध्येही हीच रीत आहे, पण व्हॉलीबॉलचं नुकसान त्यात सगळ्यात जास्त होतं असं माझं ठाम मत आहे. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेख.

आपल्याकडची राष्ट्रीय स्पर्धा पहिल्यापासून राज्या-राज्यांची आहे. १९३६ साली लाहोरला पहिली आंतरराज्य स्पर्धा भरली, तेव्हा खेळाचा कारभार ऑलिंपिक संघटनेकडे होता. १९५१ मध्ये भारतीय व्हॉलीबॉल महासंघ स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी मद्रासला महासंघाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. राज्याचा संघ म्हणजे राज्यभरातून वेचलेले बारा खेळाडू, ही चौकट तेव्हा बसली आणि सब-ज्युनियर, युथ, ज्युनियर असे वयोगट वाढत गेले तरी ती तशीच राहिली. त्या काळात ते रास्तही होतं. गावोगावचे क्लब हौशी, प्रवास अवघड, देशभरचे क्लब एकत्र आणणार कोण? पण आज गल्लीतलं मंडळसुद्धा पोरांना जर्सी शिवून देतं, बूट घेऊन देतं, गाडी ठरवून परगावी पाठवतं. तरीही वरच्या पायरीवर त्या मंडळाला जागा नाही.

शाळेची वाट त्यातल्या त्यात सरळ आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य असं एकेक करत शाळेचा संघ शाळेच्याच नावाने पुढे सरकतो. आमच्या भागातल्या पालकांना यात एक गोष्ट नेहमी गोंधळात टाकते. बेळगाव जिल्हा महसुलासाठी एक असला तरी शिक्षण खात्याच्या लेखी तो दोन आहे, बेळगाव आणि चिक्कोडी. निपाणीची शाळा चिक्कोडी शैक्षणिक जिल्ह्यात खेळते आणि अनगोळची शाळा बेळगाव शैक्षणिक जिल्ह्यात. म्हणजे आमची आणि निपाणीची गाठ पडली तर ती विभागीय स्पर्धेतच. बेळगाव विभागात महसुली जिल्हे सात, पण उत्तर कन्नडमधून शिरसीही वेगळा निघत असल्याने शैक्षणिक जिल्हे नऊ. नऊ विजेत्यांतून एक संघ राज्य स्पर्धेला जातो.

अनगोळच्या पोरांची खरी कसोटी मात्र त्याआधी लागते. रामदुर्ग तालुक्यात चंदरगीची निवासी क्रीडा शाळा आहे आणि रामदुर्ग आमच्याच शैक्षणिक जिल्ह्यात येतं. तिथली मुलं शाळेतच राहतात, सकाळ-संध्याकाळ मैदानावर असतात, खाणं-झोपणं सगळं खेळाच्या वेळापत्रकावर बेतलेलं. आमचा मुलगा शाळा सुटल्यावर शिकवणीला जातो आणि तिथून उरलेल्या तासाभरात सरावाला येतो. तरीही गेल्या काही वर्षांत आमच्या मुलांनी निवासी शाळांच्या तोडीचा खेळ केलेला मी पाहिला आहे. त्याचं कारण एकच, ही मुलं एकत्र वाढलेली असतात. पाचवीपासून एकाच मैदानावर, एकाच नेटपाशी.

या स्पर्धा जुलै-ऑगस्टमध्ये येतात आणि बेळगावचा जुलै-ऑगस्ट म्हणजे काय ते बेळगावकरांना सांगायला नको. मैदान तांबड्या मातीचं. सकाळी चुन्याने आखलेल्या रेषा पहिल्या सरीबरोबर वाहून जातात, मग भुसा टाकायचा, पुन्हा आखायचं. ओला चेंडू जड होतो. मनगटाच्या वर, दोन्ही हात जुळवून सपाट केलेल्या जागेवर तो घ्यायचा असतो. कोरडा चेंडू जिथे उसळतो तिथे ओला चेंडू घसरतो. अशा वेळी मी पासिंग करणाऱ्या मुलाच्या पायांकडे बघतो. चांगला खेळाडू सर्व्हिस सुटताच अर्धं पाऊल पुढे टाकून थांबतो, म्हणजे चेंडू येतो तेव्हा तो स्थिर असतो. कच्चा खेळाडू चेंडू येईपर्यंत हलत राहतो आणि चिखलात त्याची टाच सरकते. हे अर्धं पाऊल शिकायला वर्षं लागतात आणि प्रेक्षकांतल्या कुणाच्याही ते लक्षात येत नाही. टाळ्या पडतात त्या स्मॅशला.

राज्य स्पर्धा संपली की इथवर एकसंध आलेली वाट तुटते. विजेती शाळा करंडक घेऊन घरी जाते आणि राष्ट्रीय शालेय स्पर्धेसाठी राज्याचा संघ निवड चाचणीतून निवडला जातो. विजेत्या संघातले काही, हरलेल्या संघांतले काही. चाचणीत उंची मोजतात, भिंतीवर उडी मारून हात कुठवर पोहोचतो ते बघतात, ओळीने स्मॅश मारायला लावतात, सर्व्हिस करून घेतात, शेवटी सरमिसळ संघ पाडून सामना खेळवतात. उंचीला महत्त्व असणारच. पुरुषांचं नेट २.४३ मीटरवर असतं, महिलांचं २.२४ मीटरवर, तिथे बुटक्या ब्लॉकरची डाळ शिजत नाही. निवड समितीवर बसणारे बहुतेक जण जुने खेळाडू असतात, मनापासून काम करतात. पण दीड-दोन दिवसांत त्यांना दिसणार काय? उडी दिसते, हाताची ताकद दिसते. ते अर्धं पाऊल दिसत नाही. कुणाचा पास नेमका सेटरच्या, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणाऱ्याच्या, डोक्यावर येतो आणि कुणाचा तीन फूट मागे पडतो, हे दिसायला पाच सेट सलग बघावे लागतात.

आणि या खेळाचा मूळ नियमच असा आहे की एकट्याने काही होत नाही. चेंडू धरता येत नाही, एकाच खेळाडूला लागोपाठ दोनदा मारता येत नाही. कबड्डीत एकटा चढाईपटू सामना फिरवतो, फुटबॉलमध्ये एखादा तिघांना चकवून गोल करतो. इथे तीन स्पर्शांतला तिसरा तुमचा असेल तर त्याच्या आधीचा दुसऱ्याच कुणाचा तरी असणार. म्हणूनच १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने लिबेरो आणला, बचावासाठीच असलेला, वेगळ्या रंगाची जर्सी घालणारा खेळाडू. उंची नसलेल्या पण पक्क्या हातांच्या खेळाडूला त्या नियमाने मान दिला. आपल्या निवड चाचण्यांमध्ये लिबेरो हमखास निवडतात, पण सेटर आणि स्मॅशरची जोडी मात्र कुणी जोडीने निवडत नाही.

आमच्याकडची एक मुलगी सेटर होती. उंची बेताची, बोलणं कमी, पण दोन स्मॅशर मुलींना कुठला चेंडू कुठे हवा हे तिला डोळे मिटून कळायचं. एकीला नेटपासून हातभर लांब आणि उंच, दुसरीला आखूड आणि झटकन. चाचणीतून त्या दोघी राज्याच्या शिबिराला निवडल्या गेल्या, ही घरी राहिली. तिची आई मला म्हणाली, ‘‘सर, टीम जिंकली की, मग हिचं नाव का न्हाई?’’ आठवडाभराने शिबिरातून त्यातल्या एकीचा फोन आला. तक्रार नव्हती, रडकुंडीला आली होती. ‘‘सर, इथं बॉल कधी मागं येतोय, कधी पुढं. माझी उडीच चुकायला लागलीय.’’ तिची उडी चुकत नव्हती. तिची उडी ज्या हातांच्या भरवशावर बसली होती ते हात अनगोळात दहावीची गणितं सोडवत होते.

शाळेबाहेरची, म्हणजे संघटनेची वाट याहून लांबची. क्लबने जिल्हा संघटनेकडे नोंदणी करायची, जिल्ह्याची निवड होते, राज्य अजिंक्यपदात पोरं बहुधा जिल्ह्याच्या नावाने उतरतात आणि तिथून राज्याचं शिबिर. क्लबचं नाव पहिल्याच पायरीवर गळतं. बंगळूर इथून पाचशे किलोमीटर, राज्याच्या स्पर्धा बहुतेक त्याच बाजूला. पोरं रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये बसतात, सकाळी उतरून थेट मैदानावर. परिपत्रकं कन्नडमध्ये येतात. मराठी शाळेतल्या मुलांच्या पालकांना ती वाचून दाखवणं, जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांवरची नावं अक्षरन् अक्षर जुळतात की नाही ते बघणं, हेही प्रशिक्षकाचंच काम. एका दाखल्यावर आडनाव आधी आणि दुसऱ्यावर शेवटी असलं तरी ऐनवेळी मुलगा बाहेर बसू शकतो. वयचोरीला आळा घालायचा तर ही तपासणी हवीच, हाडांची तपासणीही हवी. पण म्हणूनच मी पालकांना सांगतो, सहावीतच कागद नीट करून घ्या, नववीत धावपळ नको.

निपाणीच्या मुलांची अडचण आणखी निराळी. कोल्हापूर त्यांना बेळगावपेक्षा जवळ. सुटीच्या दिवशी ती कागल, गडहिंग्लजच्या मुलांबरोबर खेळतात, एकमेकांची सर्व्हिस तोंडपाठ असते. पण स्पर्धेचा मोसम आला की ती मुलं महाराष्ट्राच्या आठ विभागांपैकी कोल्हापूर विभागातून पुढे जातात आणि निपाणीची मुलं धारवाड, हावेरीच्या मुलांशी झुंजायला जातात. त्यात कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडे शूटिंग व्हॉलीबॉलचा जोर मोठा. तो आपल्या मातीतला देखणा खेळ आहे, त्याच्या स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धाही होतात. फक्त त्यात मुरलेल्या पोराला स्मॅशिंगच्या व्हॉलीबॉलमध्ये आणताना हातांच्या सवयी नव्याने घडवाव्या लागतात आणि ते काम चौदाव्या वर्षाआधी झालेलं बरं.

मंडळ म्हणून खेळायची हौस भागते ती खुल्या स्पर्धांत. रात्रीच्या दिव्यांत, गावच्या जत्रेत, कुणाच्या तरी स्मरणार्थ ठेवलेल्या चषकासाठी. सरकारी स्पर्धांमध्ये दसरा क्रीडा स्पर्धा तेवढी मंडळांना जवळची. तालुक्याला गावचा संघ उतरू शकतो आणि जिल्हा, विभाग करत म्हैसूरपर्यंत जाता येतं. पण म्हैसूरला ती वाट संपते. पुढे राष्ट्रीय काही नाही.

असं असूनही संघ एकसंध राष्ट्रीय पातळीवर नेता येतो याचं उदाहरण खुद्द अनगोळातच आहे. संत मीरा शाळा विद्या भारतीची. विद्या भारतीच्या स्वतःच्या स्पर्धा आहेत. कर्नाटक, आंध्र आणि तेलंगण मिळून होणाऱ्या दक्षिण मध्य क्षेत्राची स्पर्धा जिंकली की शाळेचा संघच क्षेत्राचा संघ म्हणून राष्ट्रीय स्पर्धेला जातो. संत मीराची मुलं-मुली वेगवेगळ्या खेळांत याच वाटेने देशभर खेळून आली आहेत. परत आल्यावर त्या मुलांत जो फरक दिसतो तो मी जवळून बघितला आहे. बाकावर बसलेला बारावा मुलगासुद्धा राष्ट्रीय स्पर्धेचं वातावरण बघून येतो आणि दुसऱ्या दिवसापासून धाकट्यांना शिकवायला लागतो. निवड चाचणीतून एकटा गेलेला मुलगा परत येतो तेव्हा त्याच्या अनुभवाला गावात जोडीदार नसतो.

अमेरिकेत मुलींच्या क्लब व्हॉलीबॉलची पद्धत तर सबंध याच तत्त्वावर उभी आहे. वर्षभरात देशाच्या निरनिराळ्या भागांत पात्रता स्पर्धा होतात, वरच्या क्रमांकांना राष्ट्रीय स्पर्धेची जागा मिळते आणि ती जागा क्लबच्या त्या संघाची असते. आधीच जागा मिळवलेल्या संघाने दुसरी पात्रता स्पर्धा जिंकली तर ती जागा खालच्या क्रमांकाला जाते, वाया जात नाही. एका दिवशी हरलात तर दुसऱ्या शहरात पुन्हा संधी. तिथे पालकांचा खर्च हजारो डॉलरांत जातो, गरिबाचं पोर त्यात टिकत नाही. ते आपल्याला नको. पण जागा संघाची, हा भाग घेण्यासारखा आहे. आणि क्लब ही कल्पना आपल्याला परकी राहिलेली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक क्लब अजिंक्यपद बंगळुरात झालं, तिथे भारताकडून राष्ट्रीय संघ नव्हे तर प्राइम व्हॉलीबॉल लीग जिंकलेला अहमदाबाद डिफेंडर्स हा क्लब खेळला. मोठ्यांना हे चालतं, मग सतरा वर्षांखालच्यांना का नको?

माझं मागणं फार मोठं नाही. राज्याचा संघ निवडताना विजेत्या संघाचा सेटर आणि त्याचा एक स्मॅशर ही जोडी तोडू नये, एवढा एक नियम जरी निवड समित्यांनी घालून घेतला तरी खेळात फरक दिसेल. निवड समितीतल्या एकाने तरी विभागीय स्पर्धेपासून सामने बघत यावेत, केवळ चाचणीला येऊ नये. आणि प्रत्येक राज्याच्या विजेत्या युवा क्लबांची एक राष्ट्रीय स्पर्धा व्हावी, क्लबच्याच नावाने.

ती होईल तेव्हा होईल. तोवर जिल्ह्यातल्या मंडळांनी आपसांत करण्यासारखं बरंच आहे. पाऊस संपला की नोव्हेंबर ते फेब्रुवारी मैदानं कोरडी असतात आणि शालेय मोसम बहुतेकांसाठी उरकलेला असतो. अनगोळ, वडगाव, शहापूर, खानापूर, चिक्कोडी, निपाणी, दर रविवारी एकाने दुसऱ्याच्या मैदानावर जायचं, सोळा वर्षांखालचीच मुलं-मुली, बक्षिसाची रक्कम नाही, दुपारचं जेवण यजमान मंडळाकडे. दर सामन्याचा स्कोअरशीट आणि सर्व्हिस कुणी किती उचलली याची वही ठेवायची. ती वही जिल्हा संघटनेच्या निवड समितीपुढे ठेवली, की उंचीच्या पट्टीबरोबर तिच्यातले आकडेही त्यांना बघता येतील. दोन मंडळांशी माझं बोलणं झालं आहे, दोघांनीही आपापलं मैदान द्यायचं कबूल केलं आहे. निपाणीकरांनी तारीख कळवायची तेवढी बाकी आहे.