न सांगितलेली शेवटची फेरी

२८ फेब्रुवारी २०२५ च्या सकाळी न्यू जर्सीतल्या जॅक्सन इथं ‘किंगडा का’चा मनोरा सुरुंग लावून पाडण्यात आला. सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अ‍ॅडव्हेंचर या पार्कातला हा रोलरकोस्टर ४५६ फूट उंच होता. मे २००५ मध्ये तो सुरू झाला, आणि तेव्हापासून बंद होईपर्यंत त्याच्याइतका उंच कोस्टर जगात कुठेही नव्हता. पाडतानाची चित्रफीत आमच्या एडिसनच्या बाजूला घराघरांत फिरली. शाळेत असताना त्यात बसायला उन्हात तासन्‌तास रांगेत उभी राहिलेली मुलं आता कॉलेजात किंवा नोकरीत आहेत. त्यांनीच ती आपापल्या आईवडिलांना पाठवली. मलाही ती मुलीकडूनच आली. सोबत एक अक्षर लिहिलेलं नव्हतं, आणि ती कमी बोलणारी मुलगी नाही.

यंत्राची कल्पना तशी सरळ होती. अठरा माणसांची गाडी एका सपाट रुळावर येऊन थांबायची. गाडीच्या खाली आकडा, आकड्याला पोलादी दोर, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला विहिरीवरच्या रहाटासारखं गुंडाळणारं एक प्रचंड पिंप. नायट्रोजनच्या दाबाखाली कोंडलेलं तेल एकदम मोकळं सोडलं की ते पिंप फिरायचं आणि दोर गाडीला खेचायचा. साडेतीन सेकंदांत ताशी १२८ मैल, म्हणजे दोनशे किलोमीटरच्या वर. त्या वेगानं गाडी सरळ उभी आभाळात चढायची, माथा ओलांडायची, पीळ घेत तशीच उभी खाली यायची, पुढचा १२९ फुटांचा उंचवटा पार करायची आणि चुंबकी ब्रेकवर थांबायची. अर्ध्या मिनिटाच्या आसपास सारं आटोपलेलं असे.

वर चढताना गाडीला ढकलणारं काहीच नव्हतं. जो काही जोर द्यायचा तो खालीच देऊन झालेला असायचा. कधी वारा, कधी थंडी, कधी गाडीतला भार, कशानं तरी तो थोडका कमी पडला की गाडी माथ्याशी पोचता पोचता अडखळायची, अधांतरी थांबायची आणि आल्या वाटेनं मागं घसरायची. तिला धरायला रुळावर ब्रेकच्या पट्ट्या वर आलेल्या असत. कोस्टरचे दर्दी याला ‘रोलबॅक’ म्हणतात. असा रोलबॅक आपल्या वाट्याला यावा म्हणून ते मनापासून आस लावून बसत, कारण मग गाडी पुन्हा सोडली जाई.

मी हे बहुतेक वेळा खालून पाहिलं. प्रत्येक मोठ्या राईडच्या पायथ्याशी न बसणाऱ्यांची एक वस्ती असते. पाठपिशव्या, चष्मे, अर्धवट प्यायलेल्या बाटल्या सांभाळणारे बाप, बाबागाड्या ढकलणाऱ्या आया, भारतातून उन्हाळ्यापुरत्या आलेल्या आणि साडीखाली स्पोर्ट शूज घातलेल्या आज्या. गाडी सुटायच्या आधी रुळावरच्या त्या ब्रेकच्या पट्ट्या खटखट खाली जात. तो आवाज झाला की ही सगळी वस्ती बोलायची थांबे. कुणी कुणाला ओळखत नसे, पण सगळ्यांच्या माना एकाच वेळी वर जात. आपलं मूल कितव्या रांगेत आहे ते त्या वेगात दिसणं शक्यच नव्हतं, तरी प्रत्येक जण शोधत राही. राईडची आठवण फक्त बसणाऱ्यांची असते असं कुणी म्हणालं तर मला ते मान्य नाही. चढणाऱ्या गाडीकडे पाहताना खाली उभ्या असलेल्या माणसाच्या पोटातही काही हलत असतं.

बसायला उंची लागायची ५४ इंच. रांगेच्या तोंडाशी मापाची खूण होती. माझी मुलगी २००५ सालची, म्हणजे त्या कोस्टरच्याच वयाची. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर आम्ही तिची उंची पेन्सिलीनं लिहायचो, आणि ५४ वर तिनं स्वतःच्या हातानं एक लाल रेघ मारून ठेवली होती. शाळेतल्या इयत्ता, वाढदिवस, पडलेले दात यांपेक्षा त्या रेघेची वाट तिनं जास्त आतुरतेनं पाहिली. अशा रेघा आमच्या ओळखीच्या आणखी काही घरांत होत्या. रेघ ओलांडली त्या उन्हाळ्यात ती पहिल्यांदा माझ्याशिवाय रांगेत शिरली, आणि वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत तिनं मागं पाहिलं नाही.

मी स्वतः एकदाच बसले. तिच्याच आग्रहानं. वेगाविषयी लोक बोलतात, पण मला आठवतं ते माथ्यावरचं. खाली कानात गोंगाट, गालांवर वाऱ्याचा मार, आणि वर पोचल्यावर सारं एकाएकी हलकं. तिथून चारही बाजूंना पाइनचं सपाट रान दिसतं, क्षितिजापर्यंत. शरीराला वजन नाही, पुढे काय होणार ते पक्कं ठाऊक आहे, आणि तरी त्या एका क्षणात भीती नाही. तो क्षण कुठल्याही कॅमेऱ्यात मावला नाही. जी गोष्ट घडते आणि संपते ती जतन करायची कशी, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. आता पडतो.

माझे बाबा एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेतून निवृत्त झाले. ते इथं आले असताना त्यांनाही आम्ही जॅक्सनला नेलं. सगळे उंचीकडे पाहत होते, बाबा दोराकडे. नातीला त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, ‘‘हा दोर किती दिवसांनी बदलतात गं?’’ तिला ते माहीत नव्हतं. मग ते बराच वेळ कुंपणाशी उभे राहिले, दर फेरीला दोर ताणला जाताना आणि परत येताना पाहत. जेवताना म्हणाले, ‘‘रोज सकाळी पार्क उघडायच्या आधी इथं कुणीतरी हात काळे करत असणार. त्या माणसांना भेटायला आवडलं असतं.’’ पार्काविषयी इतकं नेमकं मला दुसऱ्या कुणाकडूनच ऐकायला मिळालेलं नाही. ज्याचं काम माणसांना घाबरवणं, त्याच्या पाठीशी दिवसभर सावध राहणारी माणसं असावी लागतात.

आणि किंगडा काला तशी सावध माणसं फार लागायची. सुरू झाला त्याच वर्षीच्या जून महिन्यात दोर खेचणाऱ्या यंत्रणेत बिघाड होऊन तो ऑगस्टपर्यंत बंद होता. २००९ साली वीज पडून पुन्हा काही महिने थांबला. हलक्या पावसातही चालवायचा नाही, असा नियम होता. साडेतीन सेकंदांत एवढा जोर काढायचा म्हणजे दर फेरीला दोर, आकडा, तेलाचे पंप, सगळ्यांनाच तो धक्का बसणार. एकोणीस वर्षं हे माणसाला कोवळं वय, पण त्या यंत्राचं म्हातारपण वर्षांत मोजण्यासारखं नव्हतंच. ओहायोतल्या सीडर पॉइंट पार्कात त्याचा थोरला भाऊ होता, २००३ सालचा ‘टॉप थ्रिल ड्रॅगस्टर’, ४२० फुटांचा, त्याच पद्धतीनं दोरानं खेचला जाणारा. २०२१ मध्ये त्याच्या गाडीचा एक धातूचा तुकडा निखळून खाली रांगेत उभ्या असलेल्या एका बाईच्या डोक्याला लागला आणि ती गंभीर जखमी झाली. पुढे तिथली दोराची यंत्रणा काढून चुंबकी मोटारी बसवल्या, आणि २०२४ मध्ये नव्या नावानं तो सुरू केला, तर आठवड्याभरातच गाड्यांमधल्या दोषामुळे पुन्हा बंद ठेवावा लागला. हे सगळं डोळ्यांसमोर असताना जॅक्सनचा मनोरा उतरवण्याचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. आपल्या आठवणी जपण्यासाठी दुसऱ्या कुणाच्या मुलानं झिजलेल्या यंत्रात बसावं, असं मागायचा हक्क कुणालाच नाही.

मला बोचतं ते वेगळंच. शेवटची गाडी १० नोव्हेंबर २०२४ ला सुटली. किंगडा का कायमचा बंद झाल्याचं पार्कानं जाहीर केलं ते १४ नोव्हेंबरला. त्याच निवेदनात ग्रीन लँटर्न, ट्विस्टर आणि पॅराशूटची राईड यांनाही निरोप होता, आणि त्या जागी विक्रम मोडणारा नवा कोस्टर येईल असंही सांगितलं होतं. कुजबुज आधीपासून होती. पण १० तारखेला जे बसले, त्यांना ही शेवटची फेरी आहे असं कुणी सांगितलं नव्हतं. त्यात कुणी पहिल्यांदाच ५४ इंच ओलांडलेलं असेल, कुणी आपल्या मुलाला घेऊन आलं असेल, आणि ज्यांनी एकोणीस वर्षं ते यंत्र चालवलं, घासलं, तपासलं, त्यांच्यापैकी कुणीतरी शेवटचं बटण दाबलं असेल. आधी जाहीर केलं असतं तर गर्दी आवरली नसती, अशी अडचण कुणी सांगेल. त्या अडचणीत तथ्य असेल. पण गर्दी सांभाळायचं काम तर अशी पार्कं वर्षभर करतच असतात.

मुंबईत १५ सप्टेंबर २०२३ ला बेस्टची शेवटची जुनी दुमजली बस अंधेरीच्या रस्त्यांवरून धावली. १९३७ पासून शहरात दुमजली बस होती. त्या दिवशी लोकांनी बसला हार घातले, फुगे बांधले, वरच्या मजल्यावरच्या पुढच्या सीटसाठी मुद्दाम लांबून आले. माझ्या बोरिवलीच्या बहिणीनं मला त्या बसचे फोटो पाठवले होते. जुनी बस काढू नका, असा आग्रह तिथं कुणी धरला नव्हता. त्यांना फक्त तारीख माहीत होती, आणि तेवढ्यावर त्यांनी बाकीचं सगळं आपणहून केलं. निरोप म्हणून काही भव्य सोहळा करावा लागत नाही. तारीख सांगावी लागते.

न सांगता पाडण्याचं उदाहरण इथं जवळच आहे. ब्रुकलिनच्या कोनी आयलंडवर ‘थंडरबोल्ट’ नावाचा १९२५ सालचा लाकडी कोस्टर होता. त्याच्या खांबांच्या पोटात एक घर होतं आणि त्यात माणसं राहत. वुडी अ‍ॅलनच्या ‘अ‍ॅनी हॉल’मध्ये ते दिसतं. कोस्टर १९८२ मध्ये बंद पडला, पुढं वेली चढून तसाच उभा राहिला, आणि नोव्हेंबर २००० मध्ये शहरानं यंत्रं आणून तो पाडला. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर ‘सायक्लोन’ मात्र अजून धावतो. १९२७ चा हा लाकडी रुळांचा कोस्टर ८५ फूट उंच आहे, म्हणजे किंगडा काच्या पाचव्या हिश्श्याहूनही ठेंगणा. १९८८ मध्ये न्यू यॉर्क शहरानं त्याला वारसा वास्तू म्हणून मान दिला. त्याचे रूळ अलीकडच्या काळात तुकड्यातुकड्यानं नवे केले गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये चढणीवर गाडी थांबली, बसलेल्यांना पायी उतरवावं लागलं, आणि तपासल्यावर साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकाला चीर गेलेली सापडली. चाक बदललं, तपासणी झाली, आणि काही आठवड्यांतच सायक्लोन पुन्हा सुरू झाला.

ही बातमी मी फोनवर सांगितली तेव्हा बाबा खूश झाले. दापोडीला ते लोक जुन्या चेसिसवर नवी बॉडी चढवत. बस तीच, पण पत्रा, खिडक्या, बाकं सगळं नवं. ‘‘ज्याचा भाग सुटा काढता येतो ते टिकतं,’’ असं ते म्हणाले, आणि लगेच किंगडा काची बाजूही घेतली: ‘‘पण त्याला टिकायला कुणी बनवलंच नव्हतं ना. सगळ्यांत उंच व्हायला बनवला होता. ते त्यानं केलं.’’ मला हे पटलं. २०१० मध्ये अबू धाबीच्या फॉर्म्युला रोसानं त्याचा वेगाचा विक्रम मोडला; उंचीचा विक्रम मात्र त्यानं आपल्या हयातीत हातचा जाऊ दिला नाही. सायक्लोन एका जागेसाठी बांधला, किंगडा का एका आकड्यासाठी. आकड्यासाठी बांधलेल्या गोष्टीवर एखाद्या गावानं, तिथल्या मुलांनी, परदेशातून आलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांनी जीव लावला, ही त्या कोस्टरची कमाई होती. बांधणाऱ्यांनी तिचा हिशेब धरला नसेल. काढणाऱ्यांनी धरायला हवा होता.

२६ जून २०२७ ला सायक्लोनला शंभर वर्षं पूर्ण होतील. त्या दिवशी शनिवार आहे. मुलगी तेव्हा कॉलेज संपवून मोकळी असेल, आणि बाबांचा व्हिसा त्या पुढेही चालतो. साखळी ओढणाऱ्या मोटारीची खोली आतून बघायला मिळेल का, हे विचारायला त्यांनी मला आत्तापासून सांगून ठेवलंय. मी पत्र लिहायला घेतलंय.