मूठ वळायला किती वेळ लागतो?

खडू धरणं हे माझं रोजचं काम. तोच बोटांत धरवेना, तेव्हा दुखणं अंगावर काढणं अशक्य झालं. दोन्ही मनगटं आणि बोटांची मुळं सुजलेली. पहाटे कणीक मळता येईना, वेणी घालता येईना. ऊन चढलं की बोटं जरा सैल होत. शेजारणी म्हणत, ‘वात आहे, शेकून काढा.’ गावातल्या दवाखान्यात आर.ए. फॅक्टर निगेटिव्ह आला. ‘संधिवात नाही’ असं सांगून वेदनाशामक गोळ्या दिल्या. त्यांचा अंमल असेपर्यंतच बरं वाटे.

शेवटी नणंदेने पुण्यातल्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे नेलं. रिपोर्टची फाईल बाजूला ठेवून डॉक्टर बाईंनी आधी विचारलं, “सकाळी मूठ वळायला किती वेळ लागतो?”

“तासभर तरी.”

मग प्रश्नांची रांगच लागली. डोळे कोरडे पडतात का? तोंडात फोड येतात? उन्हात चेहऱ्यावर चट्टे उठतात? घरात कुणाला सोरायसिस आहे? ल्युपससारखे आजारही सांधेदुखीनेच सुरू होऊ शकतात, म्हणून ही चौकशी. त्यानंतर खांदे, कोपरं, मनगटं, बोटांचे सांधे आणि गुडघे असे 28 सांधे त्यांनी एकेक करून दाबून पाहिले. इतक्या निगुतीने माझे हात आजवर कुणी तपासले नव्हते.

अँटी-सीसीपी तपासणी पॉझिटिव्ह आली. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात. आर.ए. फॅक्टर निगेटिव्ह असूनही तो असू शकतो. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. वेदनाशामकांनी ठणका थांबतो, पण आतली झीज थांबत नाही. आणि एकदा वाकडी झालेली बोटं गोळ्यांनी सरळ होत नाहीत.

मेथोट्रेक्सेट सुरू झालं. कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : आठवड्यातून एकदाच, रविवारी. ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. ‘कॅन्सरची गोळी’ ऐकून घरचे धास्तावले. कॅन्सरमध्ये तिचा डोस याच्या कितीतरी पट असतो, हे डॉक्टरांनी त्यांना शांतपणे समजावलं. जोडीला फॉलिक अ‍ॅसिड, आणि ठरावीक काळाने रक्त व यकृताच्या तपासण्या. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, हेही आधीच सांगितलं. म्हणून मी धीर सोडला नाही.

आज मी फळ्यावर लिहिते. आजार गेलेला नाही, आटोक्यात आहे.

बायांनो, हे दुखणं पुरुषांपेक्षा आपल्याला जास्त गाठतं, आणि आपणच ते कामाच्या रगाड्यात लपवतो. हातापायांचे लहान सांधे सुजत असतील, सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त राहत असेल आणि सहा आठवडे उलटूनही जात नसेल, तर संधिवाततज्ज्ञाला गाठा. बोटं वाकडी होण्याची वाट पाहू नका.