गोटिंगेनची रोजनिशी – 2 : फ्रिजवरच्या चिठ्ठ्या

24 ऑक्टोबर 2024, गुरुवार

जर्मनीत शिकायला येऊन आज तीन आठवडे झाले. एवढ्या दिवसांत ‘जेवलीस का?’ असं मला कुणी विचारलेलं नाही. बार्शीत घरापासून एसटी स्टँडवर जाईपर्यंत चार जण तरी विचारतात. पहिल्या आठवड्यात रात्री अंथरुणावर पडलं की हेच आठवून घसा दाटून यायचा. माणसं वाईट नाहीत, पण कोरडी आहेत, असं मी आईला फोनवर सांगूनही टाकलं होतं. ते घाईचं होतं, हे आज कळलं.

आम्ही चौघं एका घरात राहतो. खोल्या वेगळ्या, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर एक. अशा घराला इथे ‘वेगे’ म्हणतात. भिंतीवर साफसफाईचा तक्ता असतो, तो ‘पुट्सप्लान’. या आठवड्यात ओटा कुणाकडे, जिना कुणाकडे, कचरा कुणी खाली न्यायचा, सगळं त्यात लिहिलेलं. फ्रिजच्या दारावर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. ‘दिवसातून दोनदा खिडकी सताड उघडा, दहा मिनिटांनी बंद करा, नाहीतर भिंतीला बुरशी येते.’ ‘वरचा कप्पा रिकामा केला आहे, तो तुझा.’ मला त्या हुकूमच वाटायच्या. आज ओटा पुसताना नीट पाहिलं, तर प्रत्येक चिठ्ठीवर आधी जर्मन मजकूर, शाई उडालेली. आणि खाली ताज्या निळ्या शाईत तोच मजकूर इंग्रजीत. मी येण्याआधी कुणीतरी बसून एकेक चिठ्ठी माझ्यासाठी पुन्हा लिहिली होती. पुण्यात बी-वन पातळीपर्यंत जर्मन शिकून आले असले तरी घाईत वाचता येत नाही, हे न भेटताच कुणाच्या तरी लक्षात आलं होतं.

संध्याकाळी भाकरी केली. येताना दोन किलो ज्वारीचं पीठ आणलंय, जपून वापरते. शेगडी विजेची, वर काचेची सपाट पट्टी, जाळ नाहीच. तव्यावर भाकरी भाजते छान, पण शेवटी विस्तवावर टाकून जी टम्म फुगते ती कुठून फुगणार? फडक्याची घडी करून कडेकडेनं दाबत फिरवली, तेव्हा एका अंगाला जरा पापुद्रा सुटला. शेजारच्या खोलीतली मुलगी कासेलची, वनशास्त्र शिकते. ती रात्री गरम जेवत नाही. इथलं रात्रीचं जेवण म्हणजे ‘आबेंडब्रोट’, संध्याकाळचा पाव: राय नावाच्या धान्याचा काळपट, जड, आंबट पाव, लोणी आणि चीज. तिनं एक काप मला दिला, मी चतकोर भाकरी तिला. राय हलक्या, रेताड जमिनीत आणि थंडीत तग धरते, गव्हाचे लाड जिथे पुरवता येत नाहीत तिथे ती येते. म्हणजे आमच्या कोरडवाहूतल्या ज्वारीचीच बहीण. हे मी तिला सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याशी सलग अर्धा तास बोलली.

26 ऑक्टोबर, शनिवार

शनिवारी दुकानात झुंबड असते, कारण रविवारी सगळं बंद. ही नुसती चालरीत नाही. रविवारच्या विश्रांतीला इथल्या राज्यघटनेनंच संरक्षण दिलंय. पहिल्या रविवारी मी मीठ आणायला निघाले होते आणि बंद दारं पाहून परत आले. आता शनिवारीच पिशवी भरते.

पाण्याच्या बाटल्या घेऊन गेले होते. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर 25 सेंट अनामत असते, तिला ‘फांड’ म्हणतात. दुकानाच्या भिंतीत यंत्र असतं. बाटली आत सरकवायची, ती गरगर फिरते, यंत्र तिच्यावरची खूण वाचतं आणि आतून चुरडल्याचा आवाज येतो. शेवटी पावती मिळते. माझी झाली 1 युरो 50 सेंटची. महिन्याला 992 युरो, या हिशोबानं बँकेत पैसे अडकवून ठेवले तेव्हाच मला व्हिसा मिळाला. ते पैसे अण्णांनी कर्ज काढून उभे केलेत, त्यामुळे दीड युरोही मला मोठा वाटतो. परतताना कचरापेटीजवळ रिकाम्या बाटल्या ओळीनं उभ्या करून ठेवलेल्या दिसल्या. ज्याला त्या पैशांची गरज आहे त्याला पेटीत हात घालावा लागू नये, म्हणून लोक बाहेर ठेवतात. सहा बाटल्या होत्या. मी बराच वेळ तिथे उभी राहिले.

27 ऑक्टोबर, रविवार

पहाटे तीनला घड्याळं मागे घेऊन दोनवर आणली. फोननं आपोआप बदललं. स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ मात्र दहापर्यंत जुनीच वेळ दाखवत होतं. मग एकानं खुर्चीवर चढून काटा फिरवला. आजपासून घर माझ्यापासून साडेतीन तासांवर नाही, साडेचार तासांवर. अंतर तेवढंच असून आई एक तास लांब गेली. आणि पाचच्या सुमारास अंधार पडला. हा अंधार अंगावर येतो, हे मी लपवणार नाही.

दुपारी उजेड होता तोवर गावात फिरले. इथे जुन्या घरांवर पांढऱ्या पाट्या आहेत: इथे अमुक राहत होते, या सालापासून या सालापर्यंत. मी मान वर करून एकच नाव शोधत होते, कीलहॉर्न. पुण्यात आमच्या जर्मनच्या बाईंनी ते डोक्यात घातलं होतं. फ्रान्झ कीलहॉर्न 1866 मध्ये डेक्कन कॉलेजात आले, पुण्याच्या शास्त्र्यांजवळ बसून व्याकरण शिकले, पतंजलीचं महाभाष्य संपादित केलं आणि 1882 पासून अखेरपर्यंत, म्हणजे 1908 पर्यंत, या गोटिंगेनमध्ये संस्कृत शिकवलं. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना 1885 साली सन्मान्य डॉक्टरेट दिली ती याच विद्यापीठानं. पुण्यातून आलेल्या कीलहॉर्नांनाही इथल्या पहिल्या ऑक्टोबरमध्ये पुण्याचं ऊन आठवलं असेल का? पाटी आज दिसली नाही. पुढच्या रविवारी दुसऱ्या गल्ल्या.

29 ऑक्टोबर, मंगळवार

धनत्रयोदशी. आमचा शेतीचा अभ्यासक्रम गोटिंगेन आणि कासेल या दोन विद्यापीठांचा मिळून आहे. कासेलचा कृषिविभाग वित्सेनहाउझेन या छोट्या गावी, म्हणून आज आगगाडीनं गेले. वाटेत शेतांच्या कडेला मातकट ढिगारे, घरांएवढे लांब. साखरबीट! गाडीत मी एकटीच खिडकीला नाक लावून बसले होते. सोलापूर जिल्ह्यातल्या पोरीला साखर म्हणजे ऊस, गाड्या, मळीचा वास. इथे ती जमिनीखालून निघते. मार्च-एप्रिलमध्ये पेरलेलं बीट सप्टेंबरपासून काढतात. आमचा आडसाली ऊस दीड वर्ष पाणी पीत उभा असतो. कारखान्याच्या हंगामाला इथे ‘काम्पान्ये’ म्हणतात. आपल्याकडे गळीत हंगाम सुरू होण्याचेही हेच दिवस. पाण्याचा हा फरक मला प्रबंधापर्यंत न्यायचाय. राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकताना मनात आलेला प्रश्न इथल्या ढिगाऱ्यांनी पुन्हा समोर आणला.

31 ऑक्टोबर, गुरुवार

आज नरकचतुर्दशी, पहिली अंघोळ. इथेही सुट्टी आहे, पण मार्टिन ल्यूथरच्या धर्मसुधारणेची. गोटिंगेन ज्या राज्यात येतं त्या नीडरझाक्सनमध्ये या दिवशी सगळं बंद. बार्शीत पहाटे पाचला फटाके वाजले तेव्हा इथे रात्रीचा साडेबारा. कानात हेडफोन घालून मी ते अंधारात ऐकले. बाजूला घर निपचित. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते.

अभ्यंगस्नान मात्र उजाडायच्या आत व्हायला हवं होतं. मग काल मीच चिठ्ठी लिहिली, मोडक्या जर्मनमध्ये, आणि न्हाणीघराच्या दारावर चिकटवली: ‘उद्या आमचा सण. पहाटे साडेपाचला अंघोळ करायची आहे. पाण्याचा आवाज होईल. चालेल का?’ रात्री पाहिलं तर खाली तीन वेगवेगळ्या अक्षरांत तीनदा ‘हो’, आणि एका ठिकाणी माझ्या वाक्यातलं चुकलेलं क्रियापद पेन्सिलीनं हलकेच दुरुस्त केलेलं.

तेल लावलं, आईनं दिलेलं उटणं वाटीत कालवलं, अंघोळ केली. केस पुसत स्वयंपाकघरात आले तर कासेलची मुलगी लोकरी मोजे घालून चहाचं पाणी ठेवत होती. झोप मोडली का, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, वासानं जाग आली, हे काय आहे? मी वाटी पुढे केली. चंदन सांगता आलं, संत्र्याची साल सांगता आली. नागरमोथ्याला अडले. शेवटी शेतकी कॉलेजातलं शास्त्रीय नाव आठवलं, सायपेरस.

“त्स्यूपर्नग्रास!” ती म्हणाली, आणि वाटी नाकाशी धरून तिथेच खुर्चीवर बसली.

(क्रमशः)