नायगाऱ्याच्या वाटेवरचं विमान

लेकीकडे टोरांटोला गेलं की नायगारा बघायचा, हे ठरलेलंच. आम्हीही निघालो. डब्यात थालीपीठं, लिंबाचं लोणचं, थर्मासमध्ये चहा. वाटेत हॅमिल्टन लागतं. तिथं जावयांनी गाडी विमानतळाकडे वळवली. "आई, अर्धाच तास. एक जुनं विमान बघू." मी मनात म्हटलं, झालं! आता धबधबा अंधारात बघायचा.

अर्ध्या तासाचे दोन तास झाले, आणि तेही माझ्यामुळे.

माउंट होपला जुन्या लढाऊ विमानांचं हे संग्रहालय आहे. तिथलं लँकॅस्टर हे बाँबफेकी विमान भलं थोरलं, या पंखाच्या टोकापासून त्या टोकापर्यंत ३१ मीटर. चार इंजिनं, आत माणसं सात. १९४५ साली टोरांटोजवळच्या माल्टनच्या कारखान्यात ते बनलं. अशी उडणारी विमानं जगात दोनच उरली आहेत. दुसरं इंग्लंडात. हे विमान अँड्र्यू मिनार्स्की या मुलाच्या आठवणीला वाहिलेलं आहे, म्हणून त्याच्या विमानाची अक्षरं याच्या अंगावर रंगवली आहेत.

मुलगाच म्हणायचा. विनिपेगच्या पोलिश कुटुंबातला. सोळाव्या वर्षी वडील गेले. मग घराला हातभार म्हणून हा कातडं कापायच्या कामाला लागला. १९४१ मध्ये कॅनडाच्या हवाई दलात गेला, विमानाच्या पाठीवरच्या बंदुकीवर नेमला गेला. शेपटाकडच्या बंदुकीवर त्याचा दोस्त पॅट ब्रॉफी. ब्रॉफी हुद्द्यानं वरचा. म्हणून रोज रात्री निरोप घेताना हा थट्टेनं कडक सलाम ठोकायचा आणि "गुड नाइट, सर" म्हणायचा.

१९४४ च्या १२ जूनच्या रात्री ते फ्रान्समधल्या कांब्रेच्या रेल्वे यार्डावर बाँब टाकायला निघाले. (बाँब टाकणाऱ्यांचं कौतुक कसं करायचं, हा प्रश्न मलाही पडला. खाली माणसंच राहत होती.) जर्मन विमानानं गाठलं. डावीकडची दोन्ही इंजिनं बंद, मधोमध आग. उड्या मारा, असा हुकूम झाला. मिनार्स्की दाराशी पोचला, आणि मागं वळून पाहिलं तर ब्रॉफी आपल्या काचेच्या खोलीत अडकलेला! ती फिरवायची यंत्रणा बंद पडली होती, हातानं फिरवायचा दांडाही मोडला होता.

मिनार्स्की आगीतून रांगत गेला. कुऱ्हाडीनं, मग नुसत्या हातांनी दार ओढत राहिला. कपडे पेटले. ब्रॉफीनंच हात करून त्याला परत जायला सांगितलं. पाठ न फिरवता तो मागं सरकत दाराशी गेला, पेटत्या कपड्यांनी ताठ उभा राहिला, सलाम केला, काहीतरी पुटपुटला आणि मग उडी मारली. पॅराशूटही पेटलं होतं. खाली फ्रेंच लोकांना तो सापडला, पण भाजल्यानं गेला. वय २७.

आणि ब्रॉफी? विमान झाडाला धडकून जमिनीवर आपटलं. त्या धडकेत तो बाहेर फेकला गेला, आणि जवळजवळ ओरखडाही न येता उठून बसला. बाकीचे पाचही वाचले. सातांतला गेला तो एकटा मिनार्स्की. ब्रॉफी जगला म्हणूनच त्या पेटत्या विमानात काय झालं ते लोकांना कळलं. नाहीतर कोण सांगणार होतं? १९४६ साली व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. तो घ्यायला विनिपेगची ती विधवा आई गेली.

मी शेपटाकडे गेले. मागची ती काचेची खोली केवढीशी! आपल्या देवघराएवढी. आत पॅराशूट ठेवायलाही जागा नाही, ते दाराबाहेर टांगायचं. मी तिथंच उभी होते, तर नात हात ओढत म्हणाली, "आजी, तो रोज सलाम करायचा ना, मग त्या दिवशी काय म्हणाला?"

"रोजचंच म्हणाला असेल गं," मी म्हटलं.

नायगारा आम्ही दिवे लागल्यावर पाहिला. थालीपीठं गाडीतच राहिली होती, ती काठावर बसून खाल्ली.