अम्मीची नदी

आम्ही तिघे भावंडे. थोरला परळला, मधली बहीण गिरगावात, धाकटा दोह्यात. अम्मी थोरल्याकडे असते. अब्बांच्या इंतकालानंतर आम्ही ठरवले होते की तिच्यासाठी दरमहा थोडे थोडे बाजूला टाकायचे आणि रक्कम जमली की तिला कुठेतरी फिरवून आणायचे. हज तिने २०११ साली केला होता. त्यानंतर ती मुंबईबाहेर गेली ती फक्त लग्नकार्याला.

धाकट्याने व्हॉट्सअॅपवर एक माहितीपत्रक पाठवले. युरोपातल्या डॅन्यूब नदीतून आठवडाभराची बोट. जर्मनीतल्या पासाउहून निघायचे, व्हिएन्ना आणि ब्रातिस्लाव्हा पाहत बुडापेस्टला उतरायचे. बोटीतच खोली, बोटीतच जेवण, रोज सकाळी खिडकीबाहेर नवे शहर. दादरच्या एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात जाऊन आम्ही रीतसर चौकशीही केली. खर्च छातीवर दगड ठेवण्याइतका होता, पण तिघांत वाटला तर झेपण्यासारखा.

अम्मीला राजी करायला आम्ही खूप वाचले. बुडा शहर १५४१ ते १६८६ उस्मानी तुर्कांच्या ताब्यात होते. गुलबाबा नावाच्या दरवेशाची कबर तिथल्या टेकडीवर आजही आहे. तुर्कांनी बांधलेले हमामखाने अजून चालू आहेत. वाटेत ड्युर्नस्टाइन नावाचे गाव लागते. सलाहुद्दीन अय्यूबींशी लढून परतणारा इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२ च्या डिसेंबरात व्हिएन्नाजवळ पकडला गेला, त्याला त्याच गावाच्या किल्ल्यात कोंडले होते. म्हणजे शत्रूच्या मुलखातून सुखरूप सुटला आणि आपल्याच लोकांच्या हाती सापडला! धाकट्याने हे सगळे व्हिडिओ कॉलवर रंगवून सांगितले.

अम्मीने शांतपणे ऐकले. म्हणाली, "गुलबाबांना अल्लाह जन्नत नसीब करो. पण नदीच दाखवायची तर माझी का नाही दाखवत?"

तिची नदी म्हणजे वाशिष्ठी. गोवळकोटच्या अलीकडे खाडीच्या काठाला तिचे माहेर. १९६३ साली लग्न होऊन ती लालबागच्या चाळीत आली ती पाण्यावरूनच. गोवळकोटहून लाँचने दाभोळ, दाभोळहून आगबोटीने भाऊचा धक्का, आणि धक्क्यावरून ट्रंका घेऊन व्हिक्टोरियाने लालबाग. तेव्हा गिरगाव-परळच्या निम्म्या कोकण्यांचा हाच रस्ता होता. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी ही नावे अम्मी आजही तसबीह ओढावी तशी ओळीने घेते. पावसाळा लागला की बोटी बंद, त्या नारळी पौर्णिमेनंतर सुरू. हे वेळापत्रक लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

बोट तर कधीच बंद पडली, १९९८ साली कोकण रेल्वे सुरू होण्याच्याही आधी. पण अम्मीचा हट्ट होता, "गाडीने नको, पाण्यावरून न्या." थोरल्याने नकाशा पुढे घेतला आणि पाणी जोडत जोडत एक रस्ता काढला.

गेल्या डिसेंबरात, धाकटा सुट्टीवर आला तेव्हा, फजरची नमाज पढून आम्ही भाड्याच्या गाडीने भाऊच्या धक्क्यावर गेलो. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य या भाऊंनी एकोणिसाव्या शतकात बांधलेला हा धक्का. आज तिथे मासळीचा लिलाव मोठा आणि प्रवासी थोडे. मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीत गाडी चढवली आणि अम्मीला वर डेकवर नेले. रेवसच्या दिशेला बोट दाखवून ती म्हणाली, "रामदास तिकडे बुडाली." १७ जुलै १९४७. रमजान तोंडावर होता, आषाढी अमावास्या होती. सहाशेच्या वर माणसे गेली. अम्मी तेव्हा तान्ही होती, पण चाळीतल्या वडीलधाऱ्या बायकांनी ती गोष्ट सुनांना इतक्यांदा सांगितली होती की स्वतः पाहिल्यासारखी तिला पाठ आहे.

मांडव्याहून अलिबाग, मुरूड. रस्त्यावरून समुद्रात सिद्दींचा जंजिरा दिसतो, तिथे चहा घेतला. आगरदांड्याला दुसरी फेरीबोट, पलीकडे दिघी. बागमांडल्याला तिसरी, तिने सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरलो. बाणकोटचा किल्ला जवळच. इंग्रजांनी १७५६ साली तो मिळवला आणि त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हणू लागले. आम्हाला उतरून बघायचा होता. अम्मी म्हणाली, "किल्ला पळून जात नाही, मगरिब निघून जाईल." अंधार पडल्यावर दाभोळला पोहोचलो. कंबर मोडली होती, आमची. तिची नाही.

सकाळी बंदरावरची शाही मशीद पाहिली. आदिलशाहीतली, काळ्या दगडाची, एक घुमट आणि चार मिनार. सांगतात की विजापूरची एक शहजादी मक्केला निघाली होती. समुद्र सुरक्षित नव्हता म्हणून इथे अडकली आणि हजसाठी आणलेला पैसा तिने या मशिदीला लावला. दाभोळ तेव्हा दख्खनचे मोठे बंदर. अफानासी निकितिन हा रशियन प्रवासी पंधराव्या शतकात इथूनच जहाजात बसून परत निघाला. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडा याने चौलच्या लढाईत मेलेल्या मुलाचा सूड म्हणून हे शहर जाळले, बायका-मुलांनाही सोडले नाही. आज समोरच्या काठावर अंजनवेलचा गोपाळगड आणि एन्रॉनच्या वीज प्रकल्पाच्या चिमण्या एकाच नजरेत दिसतात. इथे ज्याने त्याने येऊन आपापले काहीतरी उभारले. गाव मात्र छोटेसेच उरले आहे.

गाडी आम्ही फेरीबोटीने धोपाव्याला पाठवली आणि चिपळूणला थांबायला सांगितले. स्वतः एका खारवी तांडेलाची होडी ठरवली. तो आधी तयार होईना. म्हणाला, "इतक्या आत आता कोण जातंय, आजी? गाळ भरलाय." आजीने त्याला सांगितले की भरती लागली की निघ, ओहोटीच्या आत पोहोचू. तांडेल हसला आणि दोराला हात घातला.

त्या चार तासांबद्दल खरे तर फार सांगण्यासारखे नाही. दोन्ही बाजूंना कांदळवन, मध्ये हिरवट पाणी, बगळे. एका वळणावर चिखलात मगर पडली होती. बहिणीने किंचाळी मारली, मगर हललीही नाही. खेडकडून येणारी जगबुडी जिथे मिळते तिथे पात्र मोठे होते. त्याच्या पुढे तांडेलाने सांगितले की पोफळीला कोयनेची वीज काढली की ते पाणी याच नदीत उतरते, म्हणून उन्हाळ्यातही ती आटत नाही. आणि २२ जुलै २०२१ ला याच नदीने चिपळूण कसे बुडवले तेही.

"जुलै," अम्मी म्हणाली. मग तिने सांगितले.

१९६९ च्या जुलैत चाळीत तार आली: आई सख्त आजारी. बोटी बंद होत्या. एसटीने जायचे तर घाट, पाऊस, कुठे पूल पाण्याखाली. अब्बांची गिरणीत पाळी. आणि थोरल्याला गोवर. त्याच्या अंगाची भट्टी झालेली, त्याला सोडता येईना, घेऊन निघता येईना. दुसरी तार आली तेव्हा दफन होऊन गेले होते. नारळी पौर्णिमेनंतर पहिली बोट सुटली तेव्हा अब्बा म्हणाले, आता जाऊन ये. ती गेली नाही. मामूंकडे पुढे दोन-तीनदा गेली ती एसटीने, घरच्या घरी बसून परत. कब्रस्तान खाडीच्या बाजूला आहे, तिकडे पाय वळलाच नाही.

थोरला साठीला पोहोचत आलेला माणूस. तो होडीच्या काठाला धरून पाण्याकडे बघत राहिला. हे त्याला कधी कुणी सांगितले नव्हते. अम्मीने डब्यातले सांदण काढले आणि सगळ्यात आधी त्याच्या हातावर ठेवले.

गावच्या धक्क्याची नुसती पायठणी शिल्लक आहे. तांडेलाने आणि धाकट्याने तिला खुर्चीसारखे उचलून वर घेतले. मामूंच्या घराला कुलूप, माणसे कुवेतला. जोहरची वेळ झाली होती. मशिदीतून बाहेर आलेल्या एका बुजुर्गांनी तिला नावाने ओळखले, वडिलांच्या नावासकट. त्या गावात बायका कब्रस्तानात जात नाहीत. आमची बहीण काही बोलणार होती, अम्मीने तिचा हात दाबला. कमरेइतक्या गडग्याशी ती उभी राहिली. बुजुर्ग थोरल्याला आत घेऊन गेले आणि उंडीच्या झाडाखालच्या कबरींपैकी एकीवर हात ठेवून म्हणाले, ही. कशावरून, असे आम्ही विचारले नाही. अम्मीने तिथूनच फातिहा पढली. वेळ लागला. तोवर ओहोटी लागून तांडेल हाका मारू लागला होता. आम्ही त्याचे पैसे देऊन त्याला परत पाठवले आणि रिक्षाने चिपळूण गाठले.

परतीला, महाडच्या पुढे कुठेतरी, झोपली असे वाटत असताना अम्मीने विचारले, "तिकडच्या नदीलाही भरती-ओहोटी असते काय रे?"

धाकटा म्हणाला, तिथवर समुद्र नाही, पण पाणी अडवून मोठमोठे हौद केले आहेत. दरवाजे लावून पाणी भरतात, बोट वर चढते. पाणी सोडतात, बोट खाली उतरते.

"बोट चढते?"

"हो, अम्मी."

तिने थोडा विचार केला. "माझा हजचा पासपोर्ट दोन साली संपला असेल ना? त्याचे काय ते बघा."

दोन नव्हे, २०२१ साली संपला. फॉर्म भरून झाला आहे. जन्मतारखेच्या दाखल्यावर गाडी अडली आहे, कारण तिच्या शाळेच्या रजिस्टरात एक साल आहे आणि आधारवर दुसरे.