जर आणि तर

वाद जिंकणे आणि विचार शुद्ध असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, ही जाणीव मला तर्कशास्त्राच्या एका लहानशा पुस्तकाने करून दिली. त्या शास्त्राची पहिली शिकवण अशी की, सत्यता हा विधानाचा गुण आहे आणि वैधता हा युक्तिवादाचा. 'सर्व मासे झाडावर चढतात. बांगडा हा मासा आहे. म्हणून बांगडा झाडावर चढतो.' हे ऐकून हसू येते. परंतु या युक्तिवादाचा आकार निर्दोष आहे. आधारविधाने सत्य असती, तर निष्कर्ष नाकारता आला नसता. दोष पहिल्या विधानात आहे, जोडणीत नव्हे.

हा आकार ग्रीक तत्त्ववेत्ता अॅरिस्टॉटल याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात सूत्रबद्ध केला. १८५४ मध्ये जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने तर्काचे नियम बीजगणिताच्या चिन्हांत मांडून दाखविले. आपल्या न्यायदर्शनाने दुसऱ्यास पटवून देण्याच्या अनुमानाचे पाच अवयव मानले: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे, असे म्हणणाऱ्याने स्वयंपाकघराचे उदाहरणही दिले पाहिजे. उदाहरण मागण्याची ही रीत मला फार आवडते.

तिचा उपयोग घरातच झाला. धाकट्या बहिणीला कोणत्या शाळेत घालावे, ही चर्चा चालली असता काका म्हणाले, "इंग्रजी माध्यमात शिकले, तर मूल पुढे येते. ही तेथे जाणार नाही. तेव्हा ही मागे पडणार." आईचा चेहरा उतरला. मी म्हटले, "काका, पाऊस पडला तर अंगण भिजते. आज पाऊस नाही. पण अंगण भिजलेले आहे, कारण आईने सडा घातला आहे." पूर्वांग नाकारल्याने उत्तरांग नाकारले जात नाही. अंगण कोरडे असेल, तर पाऊस पडला नाही, एवढे मात्र निश्चयाने म्हणता येते.

काका हसले व म्हणाले, "मग मराठी शाळेत जाऊन ती पुढे येईलच, हे तरी कोठे सिद्ध झाले?"

ते खरेच होते. तर्काने केवळ एक खोटी भीती दूर केली. पुढचे काही सिद्ध केले नाही. ते सिद्ध करण्याचे काम आता बहिणीच्या अभ्यासाचे आणि आम्हा सर्वांच्या कष्टांचे आहे.