कुकर कवा यायलाय?

होळीच्या आगेमागे माझा फोन खिशात राहत नाही, कानालाच असतो. वसमत तालुक्यातल्या आमच्या शेतकरी गटाचा हळद शिजवायचा कुकर आहे. ट्रॅक्टरला जोडून या रानातून त्या रानात न्यायचा. त्याचे नंबर लावायचं काम माझ्याकडं. दिवसभर एकच प्रश्न, "मामा, कुकर कवा यायलाय?"

जूनच्या सुमारास लावलेली हळद जानेवारीपासून निघायला लागते आणि मार्चपर्यंत सगळ्यांना एकदमच घाई सुटते. काढलेला माल फार दिवस ठेवता येत नाही. शिजवल्यावर पंधरवडाभर ऊन द्यायचं, मग पॉलिश, मग मोंढा. मधेच अवकाळी आला की सगळं मुसळ केरात. म्हणून आधी फोन त्याचा आधी नंबर, हा न्याय इथं चालत नाही. ज्याचा ढीग तयार, त्याचा नंबर.

पण फोनवर सगळ्यांचाच ढीग तयार असतो! कुकर घेऊन जावं तर बाया अजून गड्डे मोडत बसलेल्या. गड्ड्याला वाफ जास्त लागते, हळकुंडाला कमी. दोन्ही एकत्र घालून भागत नाही. त्यामुळं "झालं का?" असं मी विचारतच नाही. गड्डे कुठं टाकलेत, सरपण किती आहे, टाकी भरली का, या आठवड्यात लाईट दिवसाची की रात्रीची, असं विचारतो आणि व्हॉट्सॲपवर ढिगाचा फोटो मागवतो. मालकापेक्षा मुकादम मावशींचा अंदाज पक्का असतो. "उद्या बाजार हाय, बाया येत नसत्यात. परवा सांजच्याला या," एवढं त्यांनी सांगितलं की मी वहीत निर्धास्त लिहितो.

खरी अडचण होती ती कुकरपाशी. ड्रम कधी उघडायचा हे कुकर चालवणाऱ्या एकट्या आबांना कळायचं. वाफेच्या वासावरून ते हात वर करायचे. कच्ची राहिली तर वाळल्यावर रंग सारखा येत नाही, जास्त झाली तर माल काळवंडतो. दोन्हीकडून मोंढ्यात भाव पडतो. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण बीटात व्यापारी हळकुंड मोडून आतला रंगच बघतो. आबा आजारी पडले की कुकर उभा.

जाळ घालणारा पोरगा हुशार होता. आबांना म्हटलं, याला शिकवा. ते म्हणाले, "बघतोय की रोज." बघून तो जाळ घालायलाच शिकला होता. आबांना वास सांगता येईना, त्यात त्यांचा तरी काय दोष! मग मी त्यांना एवढंच म्हटलं, हात वर करायच्या आधी एक हळकुंड त्याच्या हातात द्या. तो काडी टोचायचा, मोडून बघायचा, "अजून" किंवा "बास" म्हणायचा. मगच आबा आपलं सांगायचे. काडी न अडकता आत गेली आणि आतून रंग एकसारखा दिसला की झालं. नाकाचं ज्ञान हळूहळू बोटांत उतरलं.

पहिला आख्खा ड्रम त्याच्यावर सोपवला तो गड्ड्यांचा. गड्ड्याला भाव कमी, थोडंफार इकडंतिकडं झालं तरी शेतकरी बुडत नाही. तरीही मालकाला आधी सांगून ठेवलं होतं, आणि आबांना मुद्दाम चहाला घेऊन गेलो. तिथं उभे असते तर त्यांचा हात वर गेलाच असता.

यंदा वहीही त्याच्याच हातात आहे. मागच्या महिन्यात आमच्या दाजींना मधेच नंबर हवा होता. त्यानं फोटो मागितला. दाजींचा मला फोन, "सांग की त्याला." म्हटलं, नंबर त्याच्याकडं असतात. दाजी चार दिवस बोलले नाहीत. गड्डे निवडून झाल्यावर त्यांनी फोटो पाठवला, तोही मला नाही, त्यालाच.